फोकर ट्रायप्लेन घरी बांधताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिल्या महायुद्धातलं सर्वांत ओळखीचं विमान कोणतं असं विचारलं, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल रंगाचं, एकावर एक तीन पंख असलेलं जर्मन विमान येतं. हे फोकर डीआर-१. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत ते दिसतं, हवाई प्रात्यक्षिकांत उडतंही, आणि बघणाऱ्याला वाटतं की १९१७ सालचं विमान इतकी वर्षं कुणीतरी जपून ठेवलं आहे. तसं नाही. फोकरच्या श्वेरीन इथल्या कारखान्यातून अशी ३२० विमानं बाहेर पडली आणि त्यांतलं एकही आज शिल्लक नाही. १५२/१७ क्रमांकाचं विमान बर्लिनच्या संग्रहालयात बरीच वर्षं होतं, तेही दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. आज जगात जे ट्रायप्लेन उभं आहे किंवा उडतं आहे, ते प्रत्येक नंतर कुणीतरी बांधलेलं आहे. काही चित्रपटांसाठी बांधली गेली, उदाहरणार्थ १९६६ च्या 'द ब्लू मॅक्स'साठी. बाकीची कितीतरी हौशी माणसांनी घराच्या गॅरेजमध्ये आणि परसातल्या शेडमध्ये पूर्ण आकारात उभी केली आहेत. हे विमान कसं जोडायचं, कसं उडवायचं, याचं हातातलं ज्ञान टिकलं ते मुख्यतः या मंडळींमुळे. म्हणूनच त्यांच्या कामाभोवतीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

'लढाऊ विमान घरी बांधणं शक्यच नाही'

लढाऊ विमान म्हटलं की आपल्याला स्पिटफायर किंवा मिग आठवतं. स्पिटफायर घरी बांधणं खरोखरच दुष्कर आहे. त्याचा ताण ॲल्युमिनियमचा पत्रा स्वतः पेलतो, पंखाचा मुख्य कणा एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा आहे, आणि नाकात २७ लिटरचं बारा सिलिंडरचं मर्लिन इंजिन आहे. या इंजिनाच्या नंतरच्या आवृत्त्यांचं नुसतं वजनच ७०० किलोंच्या पुढे जातं. आता ट्रायप्लेन पाहा. वैमानिक, पेट्रोल, तेल आणि दोन मशीनगन धरूनही उड्डाणाच्या वेळी अख्ख्या विमानाचं वजन ५८६ किलो, म्हणजे स्पिटफायरच्या एकट्या इंजिनापेक्षा कमी.

ते घडलंही साध्या हत्यारांनी. सांगाडा पोलादी नळ्यांचा, गॅस वेल्डिंगने जोडलेला आणि तारांनी ताणलेला. पंखांच्या फासळ्या प्लायवूडच्या, त्यांना पेलणारा कणा लाकडी पोकळ पेटीचा, आणि वरून कापड. वेल्डर, सुतार आणि शिवणकाम जाणणारा माणूस, या तिघांचं काम एकाच माणसाने शिकायचं ठरवलं तर ते शिकता येतं. वेळ मात्र महिन्यांत मोजून चालत नाही, वर्षं द्यावी लागतात. अर्ध्यावर थांबलेले सांगाडे एका हौशी माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहतात आणि तिसऱ्याच्या हातून पूर्ण होतात, असंही होतं.

जागेचा अंदाज अनेकांचा चुकतो. विमानाची लांबी ५.७७ मीटर, ती गॅरेजमध्ये कशीबशी मावते. पण वरचा पंख ७.१९ मीटरचा आहे आणि तो एकसंध आहे, मध्ये जोड नाही. त्यामुळे आधी गॅरेज मोजायचं आणि मग लाकूड मागवायचं.

'छोटी प्रतिकृती केली की काम सोपं होतं'

मोठ्या विमानांच्या बाबतीत यात तथ्य आहे. सुपरमरीन कंपनीत काम केलेल्या जॉन आयझॅक्स यांनी स्पिटफायरची लाकडी प्रतिकृती ६० टक्के आकारात बांधली आणि ती १९७५ मध्ये उडाली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश एसई-५ए विमानाचे थोड्या कमी आकाराचे आराखडेही कॅनडातून हौशी लोकांसाठी निघाले आणि त्यांवरून बरीच विमानं बांधली गेली.

पण आकार कमी करताना वैमानिक लहान होत नाही. लांबी-रुंदी ६० टक्के केली की पंखाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांवर येतं, बसणारा मात्र तोच सत्तर-ऐंशी किलोंचा. कॉकपिटमध्ये खांदे अडकतात आणि हेल्मेट घातलेलं डोकं बाहेर फारच मोठं दिसतं. ट्रायप्लेन मुळातच इतकं छोटं आहे की ते लहान करून फारसं काही हाती लागत नाही. पूर्ण आकारात प्रत्येक चौरस मीटर पंखावर जेमतेम ३१ किलो भार येतो, म्हणून ते सावकाश उतरतं आणि थोड्याशा गवताळ जागेत थांबतं. बांधायचं तर ते पूर्ण आकारातच बांधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'मूळ नकाशे असल्याशिवाय बांधता येत नाही'

जानेवारी १९१८ मध्ये १४४/१७ हे ट्रायप्लेन जवळजवळ शाबूत अवस्थेत ब्रिटिशांच्या हाती लागलं. त्यांच्या तज्ज्ञांनी ते मोजून त्याचा तपशीलवार अहवाल तयार केला. शत्रूने केलेली ही नोंद पुढे हौशी लोकांच्या मोठ्या उपयोगाची ठरली. अशा नोंदी आणि जुनी छायाचित्रं ताडून अमेरिकेत वॉल्टर रेडफर्न आणि रॉन सँड्स यांनी आराखडे काढले, आणि त्यांवरून अनेक विमानं उभी राहिली.

'घरी बांधलेलं म्हणजे कच्चं, कारखान्यातलं म्हणजे पक्कं'

या गैरसमजाचं उत्तर ट्रायप्लेनच्या इतिहासातच आहे. ३० ऑक्टोबर १९१७ रोजी जर्मनीचा नामांकित वैमानिक हाइनरिख गोंटरमान याच्या ट्रायप्लेनचा वरचा पंख हवेत मोडला. त्यात तो प्राणाला मुकला. लगेच दुसऱ्याच दिवशी आणखी एक ट्रायप्लेन तसंच कोसळलं. सगळी ट्रायप्लेन जमिनीवर ठेवून चौकशी झाली, तेव्हा दोष सापडला तो कारागिरीचा. पंखांच्या आतलं चिकटकाम निकृष्ट होतं, लाकडाला ओल लागू नये म्हणून द्यायचं वार्निश नीट दिलेलं नव्हतं, आणि आत शिरलेल्या दमटपणाने सांधे सुटत होते. फोकरला पंख सुधारून द्यावे लागले.

त्यानंतरही अपघात पूर्णपणे थांबले नाहीत. त्यामागचं आणखी एक कारण पुढे कळलं. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या 'नाका' या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं की वेगात असताना वरचा पंख खालच्यापेक्षा कितीतरी अधिक भार उचलतो. तीन पंख भार सारखा वाटून घेतात, ही समजूत चुकीची होती.

घरी बांधणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असतं, आणि त्याच्यामागे युद्धाची घाई नसते. कारखान्यात जिथे दमटपणाला कच्चा असलेला सरस वापरला, तिथे आज पाण्याला न जुमानणारं इपॉक्सी असतं. नळ्यांसाठी क्रोमोली पोलाद मिळतं. प्रत्येक सांध्याबरोबर त्याच लाकडाच्या तुकड्यांवर त्याच डब्यातलं गोंद लावून नमुना करायचा, सुकल्यावर तो तोडून पाहायचा. लाकूड फाटलं आणि गोंदाची रेघ टिकली तर सांधा पक्का. पेटी बंद करण्याआधी आतून वार्निश द्यायचं, आणि कापड चढवण्याआधी तपासनिसाला उघडा सांगाडा दाखवायचा. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण गोंटरमानसारख्यांचे जीव ज्या चुकीने गेले ती याच शिस्तीने टळते.

कापडाच्या बाबतीतही तेच. मूळ विमानावर लिनन होतं आणि त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रावण. आज पॉलिएस्टरचं कापड चिकटवतात, चक्क इस्त्री फिरवून ठरावीक तापमानाला ते आक्रसवतात आणि मग प्रत्येक फासळीला दोऱ्याने शिवून टाकतात. ट्रायप्लेनच्या पंखाची मागची कड नागमोडी दिसते, ती शोभेसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. तिथे लाकडी पट्टीऐवजी तार आहे. कापड आक्रसलं की दोन फासळ्यांमधली तार आत ओढली जाते आणि कडेला आपोआप लाटा उमटतात.

'जुन्या इंजिनाला थ्रॉटल नव्हता, आणि नवं इंजिन बसवलं की विमान खोटं होतं'

ट्रायप्लेनला ११० अश्वशक्तीचं ओबरऊरसेल इंजिन होतं. फ्रान्सच्या ल रोन इंजिनावर बेतलेल्या या रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला असतो, आणि नऊ सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरतात. वंगण एरंडेलाचं, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये मिसळून जात नाही. ते पुन्हा वापरलं जात नसे. जळलेलं-न जळलेलं तेल बाहेर उडे आणि वैमानिकाच्या गॉगलवर, कपड्यांवर बसे.

अशी इंजिनं एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असत, असं सर्रास सांगितलं जातं. नोम मोनोसुपाप या प्रकाराबाबत ते बरंचसं खरं आहे. ल रोन आणि ओबरऊरसेलला मात्र हवा आणि पेट्रोलचे वेगळे दांडे होते. दोन्ही हातांनी जुळवत राहावं लागे, पण वेग कमी-जास्त करता येई. उतरताना क्षणभर ठिणगी तोडणारं बटण वापरत, त्याचा तो तुटक-तुटक आवाज प्रात्यक्षिकांत लक्षात राहतो, आणि गैरसमज बहुधा तिथूनच पसरला असावा.

फिरत्या सिलिंडरांमुळे इंजिन भोवऱ्याचे गुण दाखवतं. उजवीकडे वळलं की नाक खाली जाऊ पाहतं, डावीकडे वळलं की वर. बांधणारे बहुतेक जण हे सगळं टाळून वॉर्नरचं स्थिर सिलिंडरांचं रेडियल किंवा लायकमिंगचं आडवं इंजिन बसवतात. यात कसलीही फसवणूक नाही. इंजिन विश्वासू असेल तर विमान नियमित उडतं. पण किंमत मोजावी लागते, हेही सांगायला हवं. मूळ इंजिन मिनिटाला साधारण १,२०० फेरे घेत मोठा लाकडी पंखा फिरवायचं. लायकमिंग २,७०० पर्यंत जातं, म्हणून त्याला लहान पंखा लावावा लागतो आणि विमानाच्या चढण्याची तऱ्हा बदलते. अगदी मूळची अनुभूती हवी असेल, तर जुनं ल रोन शोधावं लागतं. न्यूझीलंडमध्ये अशी रोटरी इंजिनं आता नव्यानेही घडवली जातात.

'असं विमान बेकायदाच असणार'

अमेरिकेत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन १९५३ पासून हौशी बांधणाऱ्यांच्या पाठीशी आहे, आणि कायद्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे. अट एवढीच की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून बांधलेला असावा. त्यानंतर सहसा इंजिन-पंख्याच्या जोडीनुसार २५ किंवा ४० तासांचं चाचणी-उड्डाण ठरलेल्या हद्दीत करावं लागतं. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे तपासनीस टप्प्याटप्प्याने काम पाहतात. नाकावरच्या मशीनगन मात्र पोकळ नळ्यांच्या आणि लाकडाच्याच असतात, त्या खऱ्या लावायचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. ते कुठल्या जुन्या विमानाची प्रतिकृती नव्हतं, तो त्यांचा स्वतःचा आराखडा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला. बांधणारा माणूस आणि गच्ची या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात आहेत. कमी आहे ती हौशी विमानांसाठीच्या सोप्या, ठरलेल्या वाटेची, आणि ती व्हायला हवी.

'उडत नसेल तर उपयोग काय?'

ट्रायप्लेन उडवणं सोपं नाही. ब्रेक नाहीत, शेपटाखाली चाकाऐवजी फळीसारखा टेकू आहे, मधला पंख उतरताना समोरचं झाकतो, आणि जरा आडवा वारा आला की विमान जमिनीवर गिरकी घेतं. मूळ विमानात खालच्या पंखांच्या टोकांशी लाकडी कमानी लावलेल्या होत्या, त्या याचसाठी. आधुनिक प्रशिक्षण-विमानावर मिळवलेला परवाना इथे पुरत नाही.

म्हणून न उडणारी प्रतिकृती हाही पूर्ण प्रतिष्ठेचा पर्याय आहे. ब्रिटनच्या हवाई तळांच्या प्रवेशद्वारांवर वर्षानुवर्षं पावसात उभी असलेली खरी स्पिटफायर १९८० च्या दशकाच्या अखेरीस हलवली गेली आणि त्यांच्या जागी फायबरग्लासच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती आल्या. त्यामुळे खरी विमानं गंजण्यापासून वाचली.

मला अशी एक प्रतिकृती मुंबईत पाहायची आहे. ट्रायप्लेन आघाडीवर होती त्याच काळात, १९१८ मध्ये, मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिशांच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन उडवत होते. त्या जूनमध्ये ते लढाईत पडले. त्याच युद्धातल्या इंद्रलाल रॉय आणि हरदितसिंग मलिक या भारतीय वैमानिकांची नावं थोडीफार ऐकिवात आहेत, वेलिणकरांचं नाव मराठी घरांतही फारसं कुणाला ठाऊक नाही. डॉल्फिनचे पंख ९.९१ मीटर, लांबी ६.७८ मीटर, सांगाडा लाकडाचा, वर कापड, आणि वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येतं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे मूळ सुट्या भागांभोवती पुन्हा उभं केलेलं एक डॉल्फिन आहे, त्यामुळे मापं पडताळायची सोय आहे. न उडणाऱ्या प्रतिकृतीला इंजिन लागत नाही, उड्डाणाचा परवाना लागत नाही. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा, दोन चांगले सुतार आणि दहा मीटरचं छप्पर मिळालं, तर कामाला उद्यापासून सुरुवात करता येईल.