थळचे जड पाणी आणि तारापूरची वीज

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत फिरणाऱ्या मोटारींना कोणत्या केंद्रातली वीज मिळते, हे सांगता येत नाही. जाळ्यात सगळी वीज एक होते. कोळशाच्या, पाण्याच्या विजेबरोबर तारापूरची अणुवीजही त्यात असते. आणि तारापूरच्या दोन भट्ट्यांना ज्या जड पाण्याची गरज असते, तसे पाणी तळोज्याच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळला तयार होते.

युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगते. सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा व दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. (कोळशातील कार्बनचा अणू जळताना जेमतेम ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात!) नवे न्यूट्रॉन पुढची केंद्रे फोडतात आणि साखळी सुरू राहते. या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते. पुढचे सारे कोळशाच्या केंद्रासारखेच.

अडचण अशी की नैसर्गिक युरेनियमात २३५ हा प्रकार केवळ ०.७ टक्के असतो आणि वेगवान न्यूट्रॉन त्याला क्वचितच फोडतो. न्यूट्रॉन मंद करायला हवा. वर्गात कॅरम आणावा. स्ट्रायकर चौकटीवर आपटला तर वेगानेच परततो. सारख्या वजनाच्या स्ट्रायकरवर समोरून आदळला तर जवळजवळ थांबतो. न्यूट्रॉनच्या वजनाचा जोडीदार म्हणजे हायड्रोजन. म्हणून साधे पाणी उत्तम मंदायक ठरावे. पण हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळूनही टाकतो, आणि मग नैसर्गिक युरेनियमात साखळी टिकत नाही. दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम मंद करायला थोडा कमी पडतो, पण गिळत जवळजवळ नाही.

यातून दोन वाटा निघतात, आणि तारापूरला दोन्ही पाहायला मिळतात. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते. ते अमेरिकेकडून येई. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यात अडथळे आले आणि पुढे ते फ्रान्सकडून घ्यावे लागले. २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालतात. इंधनासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहणे टाळायचे, तर जड पाण्याचा खटाटोप आलाच.

खटाटोप खराच. हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंत ड्यूटेरियमचा एक! थळला शेजारच्या खत कारखान्यातील हायड्रोजन-नायट्रोजन वायू घेतात. मोठ्या दाबाखाली, थंड द्रव अमोनियाशी त्याचा संपर्क आला की ड्यूटेरियम अमोनियात जमू लागतो. राहिलेला वायू खतासाठी परत जातो. समृद्ध अमोनियातून सुटलेला वायू अखेर ऑक्सिजनमध्ये जाळला की जड पाणी हाती येते.

भट्टी थांबवायची असेल, तर न्यूट्रॉन गिळणाऱ्या सळ्या आत सोडतात. साखळी काही सेकंदांत तुटते. विद्यार्थी इथे हमखास विचारतात, मग धोका कसला? फुटलेल्या केंद्रांचे तुकडे किरणोत्सारी असतात आणि तापतच राहतात. थांबवल्याक्षणी मूळ उष्णतेच्या सुमारे ६ टक्के उष्णता शिल्लक असते. ५४० मेगावॉटच्या भट्टीत ती १०० मेगावॉटच्या आसपास भरते. ती वेगाने घटते, पण पाणी खेळते ठेवावेच लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे थांबल्या होत्या. त्सुनामीने पंप चालवणारी वीज गेली, आणि तीन भट्ट्यांतील इंधन या उरलेल्या उष्णतेनेच वितळले.