शस्त्र आणि कायदा – लेखांक ६ : भिंतीवरची बंदूक खांद्यावर घेता येते का?

कोकणातल्या जुन्या घरात माळा झाडताना ठासणीची बंदूक हाती लागली, तर त्यात नवल काही नाही. पणजोबांच्या काळातली, नळी गंजलेली, दस्त्याला भेग, घोडा अडकलेला. घरातल्या तरुणाचा त्यावर ठरलेला प्रश्न असतो : एवढ्या जुन्या वस्तूला कसला आलाय परवाना? साफसूफ करून रात्री-अपरात्री सोबतीला घेतली तर काय बिघडलं?

असं विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा अमेरिकेतलं काहीतरी वाचलेलं असतं. तेव्हा आधी तिकडचंच बघू. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यानं १८९८ हे वर्ष धरलं आहे. त्या वर्षीचं किंवा त्याआधी बनलेलं हत्यार कायद्याच्या व्याख्येत ‘बंदूक’ ठरतच नाही. तोंडाकडून काळी दारू ठासायच्या आणि तयार काडतूस न चालणाऱ्या नव्या नकलांनाही बरीचशी हीच सवलत आहे. पण ही झाली केंद्राची व्याख्या. कमरेला लावून रस्त्यावर फिरायचं की नाही, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं आणि काही राज्यांत भरलेलं पिस्तूल अंगावर लपवणाऱ्याला ते कोणत्या सालचं आहे, हे सांगून सुटका नसते. ब्रिटनमध्ये तर साल कमी आणि हेतू जास्त पाहतात. पुराणवस्तू ‘कुतूहलाची किंवा शोभेची’ म्हणून ठेवली आहे तोवरच तिला तिथल्या १९६८ च्या कायद्याच्या ५८ व्या कलमाची सूट. संरक्षणासाठी म्हणून दारू भरून बाहेर काढली, की शोभा संपली आणि सूटही.

आता आपल्याकडे. शस्त्र अधिनियम १९५९ ची व्याख्या अशी आहे की स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर काहीही फेकण्यासाठी बनवलेलं कोणतंही शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. त्यात सालाचा उल्लेख नाही, दारू काळी की बिनधुराची याचाही नाही. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक ही जुनी दारूही स्फोटकच. शिवाय बंदुकीत भरायचा बार आणि त्याचं साहित्य कायदा ‘दारूगोळा’ म्हणून वेगळं मोजतो. म्हणजे बंदूक आणि दारूची पुडी, दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो.

जुन्या हत्यारांसाठी सूट आहे ती ४५ व्या कलमात. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार कायद्याबाहेर ठेवलं आहे. मात्र ते दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशा अवस्थेत हवं. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द लोक वाचतच नाहीत आणि सगळी गोम तिथेच आहे. ठासणीची बंदूक म्हणजे एक नळी, एक घोडा, एक कमान आणि टोपी बसवायची छोटी बोंडी. बोंडीचं भोक बुजलं तर तारेनं मोकळं होतं, कमान ढिली पडली तर कसबी लोहार दुसरी घडवून देतो. एखाद्या नाजूक आधुनिक पिस्तुलाचा भाग हरवला तर ते कायमचं निकामी होईल. ही मात्र साधी असल्यामुळेच सहसा मरत नाही. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञानं ‘दुरुस्तीनंतर चालू शकते’ असा अहवाल दिला, की पणजोबांची आठवण हे विनापरवाना हत्यार होतं.

२०२० साली केंद्रानं शस्त्र नियमांत एक दुरुस्ती केली. तिच्यामुळे ‘क्युरिओ’ या गटात बसणारी छोटी शस्त्रं घेण्या-ठेवण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागेनासा झाला. ही बातमी पसरली ती अर्धीच. वापरायला, बाळगून फिरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच, हे त्याच दुरुस्तीत आहे. परवान्यावर नोंद नसेल तर त्या शस्त्रासाठी दारूगोळाही विकत मिळत नाही. थोडक्यात, भिंतीवर चालेल, खांद्यावर नाही.

मग गावात लोक ठासणीच्या बंदुका घेऊन फिरताना दिसतात ते कसे? त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असतो. कलम १३ नं ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन तिला हे काम नेमून दिलंय : पिकाची खरीखुरी राखण. स्वसंरक्षणासाठी त्याच कलमात वेगळी बंदूक सांगितली आहे, वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची. म्हणजे भातखाचरावर डुकरं हाकायला दिलेली बंदूक आठवड्याच्या बाजाराला सोबत नेली, तर परवाना असूनही माणूस अडचणीत येऊ शकतो.

त्यातही एक विसंगती आहे, आणि ती मला दरवेळी खटकते. बंदूक पिकासाठी मिळाली, पण रानडुकराला ठार मारायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी हवी. त्या कायद्याच्या अकराव्या कलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं जनावर मारलं तर गुन्हा नाही. भाताच्या लोंब्या वाचवताना तसं म्हणता येत नाही. तेव्हा परवानगी हातात नसेल तर शेतकऱ्यानं हवेत बार काढावा एवढंच उरतं. भरीला निवडणुका. २०१९ च्या विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली आणि मतदान २१ ऑक्टोबरला झालं, म्हणजे ऐन भात पिकण्याच्या दिवसांत. अशा वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. कोणाची जमा करायची हे छाननी समितीनं पाहायचं असतं. शेतकऱ्यांची तक्रार असते ती सरसकट नोटिसांची, आणि ती रास्त आहे.

आता स्वसंरक्षण. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं जिवाच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क देतात. पूर्वी तीच भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ होती. समजा दरोडेखोर घरात शिरले आणि माळ्यावरच्या बंदुकीनं एकाला जखमी केलं. बचाव खरा आणि धोक्याच्या प्रमाणात असेल तर त्या दुखापतीबद्दल माणूस सुटू शकतो. पण बंदूक आधीपासून विनापरवाना बाळगली होती, हा गुन्हा वेगळा, आणि शस्त्र अधिनियमाच्या २५ व्या कलमाखाली त्याला तुरुंगवास आहे. हल्ला परतवण्याचा हक्क आधीच्या बाळगण्याला मागे जाऊन कायदेशीर करत नाही.

आणि खरं सांगायचं तर हे हत्यार बचावाला फारसं कामाचंही नाही. नळीतून दारू ओता, वर काथ्याचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, गजानं ठासा, बोंडीवर टोपी बसवा. एवढं करून एक बार. तो चुकला तर सगळं पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू सर्दावली तर पहिलाही मिळत नाही.

घरात अशी बंदूक निघाली तर आधी कागद शोधावेत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावचा परवाना असेल, तर वारसाला स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. मात्र मूळ परवानाधारक गेल्यावर ती घरात तशीच ठेवायची नसते. कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि अर्ज त्यानंतर. कागद काहीच नसतील तर वकिलाला विचारून मगच ठाण्यात जावं. स्वतः नळी साफ करून, चालते का ते बघायला बार काढून पाहू नये. ती चालते याचा पुरावा आपणच तयार करून दिल्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात तलवार, गुप्ती आणि नऊ इंचांच्या पात्याचा नियम.