गेमिंग लॅपटॉप: नाव एक, यंत्रं वेगळी

समोर दोन प्रकारची मंडळी दिसताहेत. पुढच्या रांगांत मुलं आहेत आणि मागच्या रांगांत त्यांचे आईवडील, म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जाणार ते. मला खरं तर मागच्या रांगांशीच जास्त बोलायचंय. पण मुलांनीही ऐका, कारण खरेदी चुकली तर पुढची चार वर्षं ती चूक तुमच्याच टेबलावर असते.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. भाऊजींचा फोन आला, "तुम्ही यातले जाणकार, कुठला घेऊ तेवढं सांगा." मी घाईत होतो. म्हटलं, "आरटीएक्स ४०६० असलेला बघा, बाकी काही बघू नका." भाऊजींनी पीएफमधून पैसे काढले, दुकानात गेले, ४०६० मागितला, ४०६० मिळाला. पातळ, हलका, दिसायला देखणा. महिन्याभराने भाचा म्हणतो, "मामा, माझ्या रूममेटकडेही ४०६०च आहे. त्याचा लॅपटॉप जाडजूड आहे, माझ्यापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याच्यावर गेम पळतो. माझ्यावर अडखळतो. असं का?"

दुकानदाराने फसवलं नव्हतं. खोक्यावर ४०६० लिहिलं होतं, आत ४०६०च होता. चूक माझी. मी नाव सांगितलं, वॅट सांगितले नाहीत.

आता हे वॅट म्हणजे काय प्रकरण आहे ते नीट बघू, कारण आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे. लॅपटॉपमधल्या ग्राफिक चिपला किती वीज द्यायची, हे चिप बनवणारी कंपनी एका पट्ट्यात ठरवते आणि त्या पट्ट्यात नेमकं कुठे थांबायचं ते लॅपटॉप बनवणाऱ्यावर सोडते. लॅपटॉपमधल्या ४०६० साठी हा पट्टा ३५ ते ११५ वॅट असा आहे. म्हणजे तिपटीहून जास्त फरक, आणि नाव मात्र एकच! विहिरीवरची मोटर तीच असली, तरी लाइटचा दाब कमी असला की पाणी कसं येतं, हे गावाकडच्या मंडळींना मी सांगायला नको. भाच्याच्या यंत्रात मर्यादा होती ६५ वॅट. रूममेटच्या यंत्रात ११५.

कंपनी कमी वॅट का देते? उष्णतेमुळे. चिपने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पातळ लॅपटॉपमध्ये पंखे लहान, तांब्याच्या नळ्या बारीक, हवा खेळायला जागा नाही. तिथे ११५ वॅट ओतले तर चिप तापून स्वतःच वेग कमी करेल. तेव्हा पातळ आणि ताकदवान असं दोन्ही हवं म्हणाल, तर एक काहीतरी सोडावं लागतं. एक मात्र लक्षात घ्या, दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट वेग नव्हे. ४०६० ला शंभरच्या आसपास वॅट मिळाले की पुढचा फायदा अगदी किरकोळ आहे. खालच्या बाजूला मात्र प्रत्येक वॅट जाणवतो.

हा आकडा सापडतो कुठे? २०२१ मध्ये आधीच्या 'मॅक्स-क्यू' या नावाची ठळक पाटी मागे पडली, तेव्हापासून हा आकडा शोधणं ग्राहकाच्याच गळ्यात आलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' असं लिहिलेलं असतं. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा, तिथेही दिसतो. विक्रेत्याला विचारलंत आणि तो म्हणाला, "साहेब, सगळे सेमच असतात," तर पुढच्या दुकानात जा. लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

आणखी एक नावाचा घोळ. डेस्कटॉपचा ४०९० आणि लॅपटॉपचा ४०९० ही एकच वस्तू नाही. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या चिपमध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. ४०७० चंही तेच, डेस्कटॉपला १२ जीबी, लॅपटॉपला ८. तेव्हा यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डाची चाचणी बघून लॅपटॉप ठरवू नका.

प्रोसेसरबद्दल फार बोलत नाही. इंटेलच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर ते बॅटरी वाचवणारं, एच किंवा एचएक्स असेल तर जोर असलेलं. गेमसाठी मधल्या दर्जाचा एच पुरतो. तिथे वाचलेले पैसे ग्राफिक चिपमध्ये घाला.

स्क्रीनकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. जाहिरातीत १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात असतं. म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलतं, एक चित्र सुमारे ७ मिलिसेकंद टिकतं. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ते सुमारे १७ मिलिसेकंद असतं. फरक खरा आहे. पण खाली बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर त्या स्क्रीनवर रंग धुतल्यासारखे फिके दिसतात. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेली स्क्रीन घ्या. ज्या मुलाला पुढे डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचंय त्याच्यासाठी तर हे आधी.

आता अपग्रेडकडे येऊ. मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "आत्ता साधा घेतो, दोन वर्षांनी ग्राफिक कार्ड बदलून घेऊ, चालेल का?" ताई, चालणार नाही. लॅपटॉपमध्ये ग्राफिक चिप मदरबोर्डवर झाळलेली असते, तिची मेमरीही तशीच. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने बदलता येईल असा ग्राफिक भाग असलेला सोळा इंची लॅपटॉप काढलाय, पण तो अपवाद. बाहेरून जोडायची ग्राफिक कार्डं मिळतात, पण ती महाग आणि जोडणीच्या केबलमध्येच वेग गमावणारी. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे खर्च करा: ग्राफिक चिप, तिचे वॅट, स्क्रीन, पंखे. जे नंतर बदलता येतं ते आज कमी घेतलं तरी चालेल: रॅम आणि एसएसडी.

पण रॅम खरंच बदलता येते ना, हे घेण्याआधी विचारा. 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमीच झाळलेली असते, आहे तेवढीच राहणार. भाच्याच्या यंत्रात नेमकी तीच निघाली. 'सोडिम' स्लॉट असतील तर उत्तम. लॅपटॉप हातात आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. 'दोनपैकी एक' असेल, तर दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच पट्टी टाका. रॅम वाढते हा एक फायदा. दुसरा म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकाऐवजी दोन रस्ते मिळतात. पुष्कळ गेममध्ये ८ अधिक ८ हे एकट्या १६ पेक्षा चांगलं चालतं.

एसएसडीचा दुसरा स्लॉट आहे का तेही बघा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' एकटा १५० जीबी मागतो. ५१२ जीबीत विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि असे दोन गेम टाकले की भांडं भरलं. नवी एसएसडी घेताना लांबी विचारा. बहुतेक ठिकाणी २२८० बसते, काही लॅपटॉपमध्ये फक्त आखूड २२४२. आणि खालचं झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे कंपनीला ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कामाला येत नाही.

अमेरिकेतल्या काकांकडून मागवायचा विचार असेल, तर ती वॉरंटी भारतात चालते का ते आधी पक्कं करा. शिवाय आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे की पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, घरी येऊन दुरुस्ती मिळते का, हेही. मुलगा परीक्षेच्या महिन्यात तीन आठवडे लॅपटॉपविना बसला, की वाचवलेले पाच हजार आठवत नाहीत.

उष्णतेचं अजून एक. लॅपटॉप स्वतःला खोलीतल्या हवेनेच थंड करतो. खोली २५ अंशांवर असताना चिप ८० वर असेल, तर मे महिन्यात अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत तिला तेवढ्याच कामाला ९५ कडे जावं लागेल, आणि तिथे ती वेग कमी करू लागते. परदेशातल्या वातानुकूलित खोलीतली चाचणी आपल्याला तशीच्या तशी लागू होत नाही, ती यामुळे. गादीवर ठेवून खेळू नका, खालची जाळी बंद होते. मागची बाजू बोटभर उचलून ठेवा. वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घ्या. आणि चार्जरला तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेटच द्या. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी घरचं अर्थिंग तपासा.

शेवटचा प्रश्न मागून आला, "मग डेस्कटॉपच का घेऊ नये?" मुलगा घरी राहूनच शिकणार असेल तर जरूर घ्या. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते आणि कार्डही बदलता येतं. लॅपटॉपचे जास्तीचे पैसे आपण तो उचलून नेता येतो म्हणून देतो. होस्टेल असेल तर ते द्यावेच लागतात. आणि बॅटरीवर गेम खेळायची स्वप्नं बघू नका. प्लग काढला की ग्राफिक चिपची वीज कापली जाते, आणि तरीही तास-दीड तासात बॅटरी मान टाकते.

भाच्याचं म्हणाल, तर लॅपटॉप तोच आहे. आम्ही मिळून गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली, छाया आणि परावर्तनं कमी केली, खाली स्टँड लावला. अडखळणं बरंच थांबलं. भाऊजींना मी खरं काय ते सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "धाकटीच्या वेळी फोनवर नको, तुम्ही दुकानात सोबतच या." धाकटी यंदा बारावीला आहे.