पीठ दळणारीं दोन शहरें : बुडापेस्ट व मिनियापोलिस

गव्हाचा भाव शेतांत ठरतो असें पिकविणाऱ्यास वाटतें. परंतु पुष्कळदां तो गिरणींत ठरतो. ही गोष्ट ज्यांच्या इतिहासांत उघड दिसते अशा दोन शहरांची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. दोन्ही समुद्रापासून दूर, नदीकांठीं वसलेलीं : एक हंगेरींतील डॅन्यूबवरील बुडापेस्ट व दुसरें अमेरिकेंतील मिसिसिपीवरील मिनियापोलिस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीठ दळण्यांत ह्यांच्या तोडीचें तिसरें शहर जगांत नव्हतें.

बुडा, ओबुडा व पेस्ट एक होऊन १८७३ सालीं बुडापेस्ट झालें. पूर्वीं डॅन्यूबच्या पात्रांत नांगरलेल्या नावांवर चक्क्या असत व प्रवाहाच्या जोरावर त्या फिरत. १८३९ सालीं काउंट सेचेनी ह्यांच्या पुढाकारानें पेस्ट येथें रुळांच्या गिरणीसाठीं कंपनी स्थापन झाली. तिकडचा, विशेषतः टिसा नदीच्या खोऱ्यांतला, गहूं कठीण. तो दगडी जात्यांत एकदम भरडला म्हणजे कोंड्याचा भुगा पिठांत मिसळतो व पीठ काळपट येतें. म्हणून दाणा हळूहळू फोडावयाचा, रवा वेगळा काढावयाचा व तो पुनः दळावयाचा, अशी रीत तेथें पडली. १८७४ सालीं गांझ कारखान्यांतील मेखवार्ट ह्यांनीं कठीण बिडाच्या, तिरप्या खांचांच्या रुळांचें यंत्र काढलें, तेव्हां ही रीत पूर्णत्वास गेली.

मिनियापोलिसचें भांडवल म्हणजे सेंट अँथनीचा धबधबा. मिसिसिपीवर एवढा मोठा धबधबा दुसरा नाहीं. अधिक पाण्याच्या लोभानें त्याच्याखालीं बोगदा खणूं लागले, तो १८६९ सालीं ढांसळला व धबधबाच वाहून जाण्याची वेळ आली. सरकारी इंजिनियरांनीं पुढें तो बांधून काढला. त्या मुलखांत हिंवाळा इतका कडक कीं, गहूं वसंतांत पेरावा लागे. तोहि कठीण, पीठ तसेंच काळपट, आणि म्हणून भाव कमी. १८७० च्या सुमारास ला क्र्वा नांवाच्या कारागिरानें तेथें रवा शुद्ध करण्याचें यंत्र बसविलें. चाळणीवरील रव्यांतून वारा सोडून हलका कोंडा उडवावयाचा, म्हणजे आपल्या बायका सुपानें करितात तेंच! त्यामागून हंगेरीच्या धर्तीचे रूळ आले. हलका मानलेला गहूं थोड्याच वर्षांत चढ्या भावानें विकूं लागला. बियाणें तेंच, जमीन तीच; बदलली ती गिरणी.

पिठाची धूळ पेट घेते हें तेव्हां पुष्कळांस ठाऊक नव्हतें. २ मे १८७८ रोजीं वॉशबर्न ‘ए’ गिरणी स्फोट होऊन उडाली व १८ माणसें दगावलीं. ती १८८० पर्यंत पुनः उभी राहिली, आणि पुढें सुमारें पन्नास वर्षें शहर पहिल्या स्थानीं होतें.

पिकविणाऱ्याचें मात्र समाधान नव्हतें. धान्याची प्रत, वजन व मातेऱ्याबद्दल कापावयाची सूट हीं तिघेंहि घेणाऱ्याच्या हातीं. १८८५ सालीं मिनेसोटा राज्यानें प्रतवारी व वजन सरकारी तपासणीखालीं आणलें. १९०८ सालीं शेतकऱ्यांनीं धान्यविक्रीसाठीं आपली सहकारी पेढी काढली, तिला शहरांतील बाजारानें दाराशीं उभें केलें नाहीं. शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यानें तर १९२२ सालीं ग्रँड फोर्क्स येथें राज्याच्या मालकीची पिठाची गिरणीच सुरू केली. आमच्या मतें ह्या साऱ्या खटाटोपांत अधिक उपयोगी पडला तो सरकारी कांटा. कारण वजन खरें असल्याखेरीज विक्री कोणीहि केली तरी फळ तेंच.

दोन्ही शहरांचा उतारहि बोलका आहे. बुडापेस्टच्या गिरण्या सर्बिया-रुमानियाचा गहूं जकातीवांचून आणून, दळून परदेशीं पाठवीत. त्यावर हंगेरीचे जमीनदार चिडले व शतकाच्या अखेरीस ती सवलत बंद झाली. १९२० च्या तहानें देशाचा दोनतृतीयांश मुलूख गेला, व त्याबरोबर गिरण्यांचा गहूंहि. मिनियापोलिसला १९३० सालीं बफेलोनें मागें टाकलें, तेंहि कांहीं अंशीं अशाच सवलतीवर : कॅनडाचा गहूं जकातीवांचून तेथें दळला जाई. वॉशबर्न ‘ए’ १९६५ सालीं बंद पडली; तिच्या भिंतींत २००३ पासून संग्रहालय आहे. ग्रँड फोर्क्सची गिरणी मात्र अजून चालू आहे, व तिच्या नफ्याचा कांहीं भाग राज्याच्या खजिन्यांत जातो.