उपनगरांची नावे : एक अलिखित बखर

मुंबापुरीत आगगाडीने नित्य जाणारे-येणारे लोक स्थानकांची नावे केवळ उतरण्याची खूण म्हणून ऐकतात. परंतु ग्रामनाम सहसा निरर्थक नसते, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत आलो.

प्रथम 'शीव' घेऊ. संस्कृत 'सीमा' शब्दच प्राकृताच्या मुखातून येता येता 'शीव' झाला. मुंबई बेटाची हद्द येथे संपे. पलीकडे खाडी आणि खाडीपार साष्टी बेट. 'साष्टी' म्हणजे सासष्टी, सहासष्ट गावांचा समूह. गोमंतकातील सासष्टीचे नावही तसेच पडले. इंग्रजी लेखणीने शिवेचे 'सायन' केले, आणि अर्थ मात्र हरपला!

कित्येक नावांत वृक्ष उभे आहेत. वडाळ्यात वड, उमरखाडीत उंबर, तर चिंचपोकळीत चिंचांचा सखल भाग. बाजारातील 'भेंडी' ही भाजी नव्हे, तर त्या नावाचे झाड होय. म्हणून केवळ उच्चारसाम्यावर भुलून व्युत्पत्ती लावू नये.

जलाची स्मृती तर याहून बोधप्रद आहे. आज दाट वस्तीत बुडालेल्या पायधुणीला एके काळी ओहोळ ओलांडून पाय धूत असत. 'खार' हे नाव 'क्षार' शब्दाचे, मिठाच्या भूमीचे. त्यालगतच्या सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि भरावाखाली दडपलेल्या सखल भूमीने आपले मूळ रूप दाखविले. पूर्वजांनी नावात ठेवलेली सूचना आपण वाचली नाही, हे त्या अनर्थाच्या कारणांपैकी एक नव्हे काय?

नाव टिकले तर कधी परतही येते. एका गव्हर्नराचे नाव मिरविणारे एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. मूळ वस्तीचे नाव लोकांच्या जिभेवर जिवंत होते म्हणूनच हे घडले. उलट, हल्ली नव्या गृहसंकुलांना परदेशी नावे देण्याची हौस फार. त्यांच्या खालची वाडी, पाखाडी, तळे यांचे नाव एका पिढीत पुसले जाते.

असो. घरातील वृद्धांना आपल्या परिसराची जुनी नावे ठाऊक असतात. मुलांनी ती विचारून वहीत उतरून घ्यावीत, एवढीच आमची वाचकांस विनंती. ही बखर कोणी लिहिलेली नाही. ती जिभेवरून उतरली की कायमची गेली.