खुब्याच्या फ्रॅक्चरमधला ‘ब्लॉक’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

करजणमध्ये घरातली आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, की बरीच घरं महामार्गाने वडोदरा गाठतात. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. पण मोडलेल्या हाडाला प्रत्येक हिसका जाणवतो. पुढे स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना, एक्स-रेसाठी पाय सरळ करताना, भांडं द्यायला कंबर उचलताना आजी कळवळते. ही कळ कमी करणारं इंजेक्शन आहे. त्याला नसेचा ‘ब्लॉक’ म्हणतात. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज : ऑपरेशन होईपर्यंत सोसायलाच हवं.
वस्तुस्थिती : सोसणं महागात पडतं. दुखण्याने झोप उडते, म्हातारं माणूस असंबद्ध बरळू लागतं, हालचाल थांबून छातीत कफ साठतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ब्लॉकनंतर अर्ध्या तासात हालचालीचं दुखणं कमी होतं आणि भ्रमाचा धोका घटतो, असं त्यात दिसलं. रुग्ण दाखल झाल्याबरोबर ब्लॉक देता येतो.

गैरसमज : ब्लॉक म्हणजे पाठीतली सुई.
वस्तुस्थिती : पाठीतल्या सुईने कमरेखालचा भाग बधिर होतो आणि ऑपरेशन करता येतं. ब्लॉक जांघेजवळ देतात, तोही दुखऱ्या बाजूलाच. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक पाहत औषध योग्य जागी सोडतात. आधी ब्लॉक दिला, तर पाठीतल्या सुईसाठी बसणं किंवा कुशीवर वळणं सुसह्य होतं.

गैरसमज : सगळे ब्लॉक सारखेच, त्यातही नवा तो उत्तम.
वस्तुस्थिती : फिमोरल ब्लॉक मांडीच्या मुख्य नसेपाशी देतात, तो गुणकारी आहे, पण मांडीचा स्नायू ढिला पडतो. १९८९ मध्ये मांडला गेलेला फॅशिया इलियाका ब्लॉक स्नायूच्या आवरणाखाली भरपूर औषध पसरवतो. त्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचाही बधिर होऊ शकते, मात्र पायाची ताकद यातही कमी होते. २०१८ मध्ये वर्णन झालेला ‘पेंग’ ब्लॉक खुब्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या बारीक शाखाच गाठतो. त्यामुळे ताकद बरीचशी टिकते. पण औषध जास्त पसरलं तर पाय ढिला पडतोच. शिवाय त्वचेवरच्या कापाचं दुखणं एकट्या पेंगने थांबत नाही. म्हणून निवड रुग्ण, ऑपरेशन आणि भूलतज्ज्ञाचा हातखंडा पाहून होते.

गैरसमज : ब्लॉकने पाय कायमचा लुळा पडतो.
वस्तुस्थिती : औषधाचा असर काही तासांत उतरतो. नसेला कायमची इजा क्वचितच होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा औषधाची अॅलर्जी असेल, तर आधीच सांगा. असर असेपर्यंत रुग्णाला एकट्याने उभं राहू देऊ नका.

गैरसमज : दुखणं थांबलं, आता ऑपरेशनची घाई नाही.
वस्तुस्थिती : ब्लॉक हाड जोडत नाही. ब्रिटनची ‘नाइस’ मार्गदर्शिका सांगते की ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालतं करायला सुरुवात व्हावी.

म्हणून दाखल होतानाच डॉक्टरांना विचारा : “ब्लॉक देता येईल का? कोणता आणि कधी?” हा प्रश्न विचारणं हा तुमचा हक्क आहे, आणि कळ न सोसणं हा आजीचा.