लाटेची शक्ती आणि रबरी नळी

समुद्राच्या लाटांत अपार शक्ती असते. परंतु तेथे खारे पाणी लोखंडी यंत्रांस गंजविते आणि वादळे त्यांचे सांधे मोडतात. म्हणून फ्रान्सिस फार्ले व रॉड रेनी या ब्रिटिश संशोधकांनी लाटेशी न झुंजता तिच्याबरोबर वाकणारे साधन कल्पिले. दक्षिण अमेरिकेतील प्रचंड सर्पावरून त्यास ‘अ‍ॅनाकोंडा’ हे नाव मिळाले.

पाण्याने भरलेली, टोके बंद असलेली ही रबरी नळी समुद्राच्या पृष्ठभागाखाली, लाटांकडे तोंड करून नांगरावयाची. लाट वरून जाताना नळी दाबली जाते व तिच्यात एक फुगवटा उत्पन्न होऊन पुढे सरकतो. मनगटाच्या नाडीत ठोका सरकतो तसाच. फुगवट्याचा वेग रबराच्या लवचिकपणावर अवलंबून असतो. तो लाटेच्या वेगाशी जुळला, की झोक्यास वेळेवर दिलेल्या धक्क्यांप्रमाणे लाट त्यास सतत बळ देते. वाढत गेलेला फुगवटा शेवटी शेपटाकडील टर्बाइन फिरवितो. सारे मर्म या जुळणीत आहे.

साउथॅम्प्टन विद्यापीठातील प्रयोग लहान नळ्यांवर झाले. योजिलेली पूर्ण नळी २०० मीटर लांब व ७ मीटर व्यासाची होती.

वर्गात सायकलची जुनी ट्यूब कापून, पाण्याने भरून दोन्ही टोके घट्ट बांधावीत. एका टोकाशी टिचकी मारल्यास दुसऱ्या टोकावरील बोटास ठोका जाणवतो. आत हवा मात्र राहू देऊ नये. तिच्यामुळे ठोका मंदावतो.